एका तारखेची कुळकथा

विद्यार्थिमित्रहो, सकाळच्या प्रार्थनेनंतर फळ्यावरील 'दिनविशेष' वाचून दाखविण्याची चाल आपल्याकडील बहुतेक शाळांतून आहे. अमुक सालीं आजच्या दिवशीं अमक्याचा जन्म झाला, तमुक सालीं लढाई झाली, अमका शोध लागला, असें एखादा विद्यार्थी खणखणीत आवाजांत वाचतो, बाकीचे ऐकतात, आणि घंटा होतांच सर्व जण आपापल्या वर्गांत जातात. दुसऱ्या दिवशीं फळा पुसला जातो व त्यावर दुसरीं नांवें येतात. परंतु एक प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. एकाच तारखेखालीं लिहिलेल्या या गोष्टींचा परस्परांशीं संबंध काय? त्या योगायोगानें एकत्र आल्या, कोणीं मुद्दाम एकत्र आणल्या, कीं पूर्वीच्या कांहीं कारणांचें फळ म्हणून त्याच दिवशीं घडल्या?

प्रस्तुत लेखांत एकच तारीख घेऊन या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. ती तारीख म्हणजे १७ सप्टेंबर. नेकनूर आणि त्याच्या भोंवतालचा सारा बीड जिल्हा यांच्या इतिहासांत या तारखेइतकी मोलाची दुसरी तारीख क्वचितच सांपडेल. ती मोलाची कां, हें शेवटीं पाहूं. आधीं या दिवसाच्या फळ्यावर कोणकोण येऊन बसतात, तें पाहूं.

प्रथम जन्म घ्या. १८२६ सालीं याच तारखेस जर्मनींत बर्नहार्ट रीमान हा थोर गणिती जन्मला. १८५७ सालीं रशियांत कॉन्स्टंटिन त्सिओल्कोव्हस्की यांचा जन्म झाला. लहानपणच्या दुखण्यानें त्यांचे कान अधू झाले आणि शाळा सुटली; पण पुस्तकांच्या आधारें स्वतःच शिकून ते शिक्षक झाले, आणि अग्निबाणाच्या साहाय्यानें पृथ्वीबाहेर कसें जातां येईल याचें गणित त्यांनीं १९०३ सालीं प्रसिद्ध केलें. १८७९ सालीं तामिळनाडूंतील इरोड येथें पेरियार ई. व्ही. रामस्वामी यांचा व १८८५ सालीं आपल्या पनवेलास प्रबोधनकार केशव सीताराम ठाकरे यांचा जन्म झाला. हुंड्याच्या चालीवर व जातिभेदावर कठोर प्रहार करणारे प्रबोधनकार ते हेच. पंढरपुरास जन्मलेले चित्रकार मकबूल फिदा हुसेन यांची जन्मतारीख १७ सप्टेंबर १९१५ अशी दिली जाते. मुंबईस सिनेमाचे मोठमोठे फलक रंगवून पोट भरणारा हा तरुण पुढें जगप्रसिद्ध झाला. १९२९ सालीं कर्नाटकांतील कार्कळ येथें अनंत पै जन्मले. 'अमर चित्र कथा' ही माला १९६७ सालीं सुरू करून त्यांनीं पुराणांतील व इतिहासांतील कथा चित्रांच्या रूपानें मुलांच्या हातीं दिल्या. २०१४ सालीं भारताच्या पंतप्रधानपदावर आलेले नरेंद्र मोदी यांचाही जन्म १९५० सालच्या याच दिवशीं वडनगर येथें झाला.

आतां घटना पाहा. १६८३ सालीं याच तारखेचें एक पत्र हॉलंडांतील डेल्फ्ट येथील आंतोनी लेव्हेनहूक नांवाच्या कापडाच्या व्यापाऱ्यानें लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहिलें. स्वतः घांसलेल्या भिंगांतून त्यानें दांतांवरील पांढरा मळ पाहिला होता, आणि त्यांत इवलेसे जीव वळवळतांना त्याला दिसले होते. आज आपण ज्यांना जंतु म्हणतों त्यांचें हें फार जुनें वर्णन होय. १७८७ सालीं फिलाडेल्फिया येथें अमेरिकेच्या राज्यघटनेवर ३९ प्रतिनिधींनीं सह्या केल्या. १७८९ सालीं विल्यम हर्शेल यांना शनीचा 'मिमस' हा उपग्रह सांपडला. १९३९ सालीं सोव्हिएट सैन्य पूर्वेकडून पोलंडमध्यें शिरलें. आणि १९४८ सालीं, सायंकाळीं पांच वाजतां, हैदराबाद संस्थानांतील युद्ध थांबलें.

दांतांवरचा मळ, शनीचा उपग्रह, अमेरिकेची घटना, पंढरपूरचा चित्रकार आणि निजामाचें राज्य, हीं सर्व एकाच फळ्यावर शेजारीं शेजारीं बसलेलीं पाहून कोणालाही नवल वाटेल. कित्येकांस यांत कांहीं गूढ संकेतही दिसूं लागेल. म्हणून योगायोग ही वस्तु किती साधी आहे, हें आधीं समजून घेतलें पाहिजे.

समजा, एका वर्गांत २३ मुलें आहेत. त्यांपैकीं कोणत्या तरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेस येण्याचा संभव किती? वर्षाचे दिवस ३६५ आणि मुलें अवघीं २३. तेव्हां तो संभव फार थोडा असेल, असें प्रथम वाटतें. गणित मात्र सांगतें कीं, तो निम्म्याहून किंचित् अधिक आहे. त्याचें कारण असें : पहिल्या मुलाची तारीख उरलेल्या २२ जणांच्या तारखांशीं ताडून पाहावयाची, दुसऱ्याची त्यापुढील २१ जणांशीं, तिसऱ्याची २० जणांशीं. असें करीत शेवटपर्यंत गेलें म्हणजे एकूण २५३ जोड्या होतात. जोड्या इतक्या असल्यावर त्यांपैकीं एखादी जमली तर त्यांत आश्चर्य तें काय? ४० मुलांच्या वर्गांत हाच संभव शंभरांत ८९ इतका होतो, व ५० मुलांच्या वर्गांत शंभरांत ९७ इतका. ज्या शाळेंत ३६७ विद्यार्थी असतील तेथें तर निदान दोघांचा वाढदिवस एका तारखेस आलाच पाहिजे. कारण २९ फेब्रुवारी धरली तरी तारखा ३६६ च आहेत. एका वर्गाची ही गोष्ट, तर मग हजारों वर्षांच्या इतिहासांतील लाखों घटना ३६६ घरांत भरावयाच्या म्हटल्यावर प्रत्येक घरांत चित्रविचित्र पाहुण्यांची गर्दी व्हावयाचीच.

योगायोगाचे मासले हवे असतील तर ते जवळच आहेत. वर सांगितलेले पेरियार व प्रबोधनकार हे दोघेही समाजसुधारक. दोघांचाही जन्म १७ सप्टेंबरचा. आणि दोघांचाही मृत्यु १९७३ सालचा, प्रबोधनकारांचा २० नोव्हेंबरास व पेरियारांचा २४ डिसेंबरास. आणखी एक पाहा. ३० जानेवारी १९४८ रोजीं दिल्लीस महात्मा गांधींची हत्या झाली. त्याच दिवशीं नांदेड जिल्ह्यांतील उमरी येथें हैदराबादच्या मुक्तिसंग्रामांतील सैनिकांनीं संस्थानी बँकेवर हल्ला करून लढ्यासाठीं पैसा मिळविला. तारीख एक, वर्षही एक, आणि तरीही एका घटनेचा दुसरीशीं कार्यकारणाचा कसलाही संबंध नाहीं. तेव्हां एकाच दिवशीं दोन गोष्टी घडल्या एवढ्यावरून त्या एकमेकींच्या बहिणी ठरत नाहींत, आणि एका तारखेस जन्मलेल्यांचा स्वभाव वा नशीब एक असतें असें मानण्यासही आधार नाहीं.

तारखा एकत्र येण्याचा दुसरा प्रकार म्हणजे माणसांनीं त्या मुद्दाम एकत्र आणणें. याचें एक उदाहरण प्रत्येक गांवच्या शाळेच्या दाखलपुस्तकांत आहे. जुन्या विद्यार्थ्यांच्या जन्मतारखा पाहत गेलें तर १ जून या तारखेस जन्मलेल्यांची संख्या फार मोठी दिसते. त्या दिवशीं गांवोगांव एवढे पाळणे हलले होते काय? मुळींच नाहीं. 'थोरल्या पावसाच्या वर्षीं', 'पोळ्याच्या आदल्या दिवशीं' अशा खुणांनीं आईबाप मुलाचा जन्म लक्षांत ठेवीत. शाळेंत नांव घालतांना निश्चित तारीख सांगतां येत नसे. मग गुरुजी मुलाची उंची व दांत पाहून वयाचा अदमास घेत, आणि शाळा जूनमध्यें सुरू होत असल्यामुळें १ जून लिहून मोकळे होत. हा तारखांचा मेळ निसर्गानें घातलेला नाहीं. तो गुरुजींच्या लेखणीनें घातलेला आहे.

याहून गंभीर हेतूनेंही तारखा निवडल्या जातात. २६ जानेवारी १९३० हा दिवस देशभर पूर्ण स्वराज्याच्या प्रतिज्ञेचा म्हणून पाळला गेला होता. भारताची राज्यघटना २६ नोव्हेंबर १९४९ रोजीं स्वीकारली गेली. पण त्या प्रतिज्ञेची आठवण राहावी म्हणून ती संपूर्णपणें अमलांत आणण्यासाठीं २६ जानेवारी १९५० हा दिवस निवडण्यांत आला. १५ ऑगस्ट ही तारीख लॉर्ड माउंटबॅटन यांनीं ठरविली, ती १९४५ सालीं त्याच दिवशीं जपानची शरणागति जाहीर झाली होती म्हणून. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १७ सप्टेंबर १९९४ रोजीं झाली, तीही अशीच विचारपूर्वक. अशा तारखांमागें कोणाचा तरी विचार असतो, आणि तो विचार कळला म्हणजेच तारखेचा अर्थ कळतो.

येथें आणखी एक सावधगिरी सांगणें अवश्य आहे. तारीख ही दगडावरची रेघ नव्हे. ती कोणत्या पंचांगाची हें आधीं विचारावें लागतें. त्सिओल्कोव्हस्की जन्मले तेव्हां रशियांत जुनी कालगणना चालू होती, आणि तीप्रमाणें तो दिवस ५ सप्टेंबर होता. आपल्याकडे तर एकाच गांवांत तीन तीन कालगणना नांदतात. गणपतीचा उत्सव तिथीनें चालतो. म्हणून अनंत चतुर्दशी २०२४ सालीं १७ सप्टेंबरास आली, आणि २०२५ सालीं ती ६ सप्टेंबरास आली. ईद हिजरी चांद्रवर्षाप्रमाणें येते. तें वर्ष सुमारें ३५४ दिवसांचें असल्यामुळें ईद दर वर्षीं दहा अकरा दिवस आधीं सरकते. शिवाय निजामी अमदानींत जमिनीच्या व शेतसाऱ्याच्या दप्तरांत फसली सन लिहीत. फसली सनांत ५९० किंवा ५९१ मिळविले म्हणजे इसवी सन निघतो. कोणाच्या घरीं जमिनीचे जुने कागद असतील तर त्यांवर १३५७ फसली असा आंकडा पाहून दचकूं नये. तो शिवाजी महाराजांच्याही पूर्वीचा काळ नसून १७ सप्टेंबर १९४८ ज्यांत येतो तेंच वर्ष होय.

आतां तिसरा प्रकार. आणि येथेंच आपल्या तारखेचें खरें महत्त्व आहे. कांहीं दिवस कोणी निवडलेले नसतात व ते योगायोगानेंही येत नाहींत. पुष्कळ वर्षांचीं कारणें साठत साठत येऊन एका दिवशीं फळाला येतात. १७ सप्टेंबर १९४८ हा असा दिवस होता.

१५ ऑगस्ट १९४७ रोजीं भारत स्वतंत्र झाला, हें लहान मूलही सांगेल. परंतु त्या दिवशीं बीड स्वतंत्र झालें नव्हतें. नेकनूर, केज, अंबाजोगाई, गेवराई, माजलगांव, सारीं गांवें हैदराबादच्या निजामाच्या अमलाखालीं होतीं. हैदराबाद हें देशांतील अत्यंत मोठ्या संस्थानांपैकीं एक होतें. त्याचें क्षेत्रफळ सुमारें ८२,००० चौरस मैल, लोकसंख्या १९४१ च्या खानेसुमारीप्रमाणें सुमारें १ कोटि ६३ लाख, आणि जिल्हे १६. त्यांपैकीं औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे पांच जिल्हे मराठी भाषेचे. बाकीच्या प्रदेशांत तेलुगु व कानडी भाषा चालत. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. सातवे निजाम मीर उस्मान अली खान १९११ सालीं गादीवर आले होते. इंग्रज जाणार असें ठरल्यावर त्यांनीं भारतांत सामील न होतां आपलें राज्य वेगळें ठेवण्याचें ठरविलें.

या संस्थानांत प्रजेला आपलें म्हणणें मांडण्याची मोकळीक फार थोडी होती. १९३८ सालीं स्टेट काँग्रेस ही संस्था निघाली, आणि निघतांच तिच्यावर बंदी आली. त्याच सालीं 'वंदे मातरम्' हें गीत वसतिगृहांत म्हटल्यावरून उस्मानिया विद्यापीठांतील विद्यार्थ्यांस काढून टाकण्यांत आलें. त्यांतील कित्येकांना नागपूर विद्यापीठानें आश्रय दिला. विद्यार्थिमित्रहो, तेव्हां ते तुमच्याहून कांहीं वर्षांनींच मोठे होते.

या लढ्याचे पुढारी स्वामी रामानंद तीर्थ हे मुळांत शिक्षक होते. त्यांचें पूर्वाश्रमींचें नांव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. ३ ऑक्टोबर १९०३ रोजीं सिंदगी येथें त्यांचा जन्म झाला. उस्मानाबाद जिल्ह्यांतील हिप्परगा येथील राष्ट्रीय शाळेंत व त्यानंतर अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयांत त्यांनीं मुलांस शिकविलें. अंबाजोगाईस तेव्हां मोमिनाबाद म्हणत. मांजरसुंब्याहून नेकनूरवरून केजेकडे जाणारा रस्ता पुढें त्याच अंबाजोगाईस पोंचतो. म्हणजे संस्थानच्या लढ्याचें नेतृत्व करणारा पुरुष याच रस्त्याच्या दुसऱ्या टोंकास, एका शाळेंत, खडू हातीं घेऊन उभा होता. १५ ऑगस्ट १९४७ रोजीं हैदराबादेंत तिरंगा फडकविल्याबद्दल त्यांना अटक झाली. ज्या दिवशीं दिल्लीस रोषणाई झाली त्याच दिवशीं मराठवाड्याचा नेता बंदिवान झाला.

पुढील तेरा महिने फार कठीण गेले. २९ नोव्हेंबर १९४७ रोजीं निजाम व भारत सरकार यांच्यांत एक वर्षाचा 'जैसे थे' करार झाला. पण शांतता आली नाहीं. लातूरचे वकील कासिम रझवी यांच्या हाताखालीं रझाकारांची सशस्त्र संघटना वाढली आणि खेड्यापाड्यांत लूट, जाळपोळ व खून होऊं लागले. पुष्कळ कुटुंबें घरदार सोडून सरहद्दीपलीकडे मुंबई इलाख्यांत व वऱ्हाडांत गेलीं. बार्शी, उमरखेड अशा ठिकाणीं लढ्याचीं शिबिरें उभीं राहिलीं. धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांच्यासारख्या खेड्यांतील स्त्रियांनींही जीव धोक्यांत घालून क्रांतिकारकांस शस्त्रें पोंचविलीं. हा लढा एका धर्माचा दुसऱ्या धर्माशीं होता अशी कोणाची समजूत असेल, तर त्यानें शोएबउल्ला खान हें नांव ध्यानांत ठेवावें. हैदराबादेंतील 'इमरोज' या उर्दू पत्राचे हे तरुण संपादक. संस्थानानें भारतांत सामील व्हावें असें त्यांनीं निर्भयपणें लिहिलें, आणि ऑगस्ट १९४८ मध्यें त्यांचा निर्घृण खून करण्यांत आला.

शेवटीं १३ सप्टेंबर १९४८ च्या पहांटे भारतीय सैन्य संस्थानांत शिरलें. मुख्य तुकडी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या हाताखालीं सोलापूरकडून निघाली व पहिल्याच दिवशीं तिनें नळदुर्ग घेतला. १५ तारखेस औरंगाबाद हातीं आलें. १७ तारखेस निजामाच्या मंत्रिमंडळानें राजीनामा दिला, आणि सायंकाळीं पांच वाजतां युद्ध थांबविण्यांत आलें. दुसऱ्या दिवशीं, म्हणजे १८ सप्टेंबरास, संस्थानचे सेनापति जनरल एल् एद्रूस यांनीं चौधरी यांच्यापुढें रीतसर शरणागति पत्करली. आमच्या भागांतील वडील मंडळी या साऱ्या प्रकरणास 'पोलिस अॅक्शन' म्हणत, आणि गांवांतील जुन्या गोष्टींचा काळ 'अॅक्शनच्या आधीं' किंवा 'अॅक्शनच्या नंतर' असा सांगत. येथें एक गोष्ट ध्यानांत घ्या. रीतसर शरणागति १८ तारखेची आहे; तरी लोकांनीं आपला दिवस म्हणून १७ तारीख धरली, कारण भीति संपली ती त्या सायंकाळीं.

एका दिवसाला सर्वांनीं एकच नांव दिलें आहे, असेंही नाहीं. आपण या दिवसास मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणतों. जुन्या संस्थानचा जो भाग कर्नाटकांत गेला तेथें 'कल्याण कर्नाटक उत्सव' या नांवानें हा दिवस पाळतात. तेलंगणांत २०२२ सालीं राज्य सरकारनें त्याला 'राष्ट्रीय एकात्मता दिन' म्हटलें, तर केंद्र सरकारनें 'हैदराबाद मुक्ति दिन' म्हटलें. घटना एक; पण तिच्याकडे पाहणाऱ्यांचे अनुभव व विचार निरनिराळे, म्हणून नांवें निरनिराळीं.

आणि या दिवसाची एक दुःखद बाजूही आहे. ती मुलांपासून लपवून ठेवूं नये असें वाटतें. रझाकारांनीं केलेले अत्याचार लोक विसरले नव्हते. सैन्य आल्यानंतरच्या दिवसांत कित्येक ठिकाणीं त्यांचा सूड निरपराध मुसलमान शेजाऱ्यांवर उगविण्यांत आला. पंडित जवाहरलाल नेहरू यांनीं पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीनें १९४८ च्या अखेरीस संस्थानांत फिरून चौकशी केली. या दंगलींत निदान २७,००० ते ४०,००० माणसें मेलीं असावींत, असा अंदाज त्या समितीनें दिला. आणि उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर व नांदेड या चार जिल्ह्यांना सर्वांत अधिक झळ पोंचल्याचें नमूद केलें. ही हकीकत कित्येक दशकें लोकांपुढें आली नाहीं. त्याच समितीनें हेंही लिहून ठेवलें आहे कीं, स्वतःचा जीव धोक्यांत घालून मुसलमान शेजाऱ्यांस आसरा देणारे हिंदूही होते. मुक्तीचा आनंद खरा होता आणि हें दुःखही खरेंच होतें. दोन्ही एकाच तारखेच्या आगेमागे उभीं आहेत, आणि दोन्ही ठाऊक असल्यावांचून ही तारीख पुरती कळली असें होत नाहीं. नेकनुरासारख्या गांवीं, जेथें दोन्ही समाज पिढ्यान् पिढ्या एकाच बाजारांत सौदा करीत आले, तेथें तर ही जाण विशेष अगत्याची आहे. 'नेक' म्हणजे भला आणि 'नूर' म्हणजे प्रकाश. हे दोन्ही शब्द तुमच्या गांवच्या नांवांतच आहेत.

१७ सप्टेंबरानें जें सुरू झालें तें तेथेंच थांबलें नाहीं. २६ जानेवारी १९५० पासून हैदराबाद हें भारतीय प्रजासत्ताकाचें एक राज्य झालें. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाड्याचे पांच जिल्हे त्या राज्यांतून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यांत आले, आणि १ मे १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य झालें. त्या महाराष्ट्रासाठीं जी संयुक्त महाराष्ट्राची चळवळ झाली तींत अग्रभागीं झुंजणाऱ्यांत एक वृद्ध पत्रकार होते, ते म्हणजे १७ सप्टेंबरास जन्मलेले प्रबोधनकार ठाकरे. त्यांची जन्मतारीख आणि मराठवाड्याचा मुक्तिदिन यांचा मेळ हा निव्वळ योगायोग. पण त्यांचें कार्य आणि मराठवाड्याचें मराठी राज्यांत येणें यांचा संबंध मात्र खरा आहे. तो संबंध तारखेनें जोडला नाहीं, त्यांच्या श्रमांनीं जोडला. दिनविशेष वाचतांना हा भेद ओळखण्याची संवय लागली, तर इतिहास हा विषय पाठांतराचा राहणार नाहीं.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, फळ्यावर कोणतीही तारीख दिसली म्हणजे तिला तीन प्रश्न विचारीत जा. हें योगायोगानें झालें काय? हा दिवस कोणीं निवडला काय, आणि निवडला तर कां? कीं यामागें कारणांची सांखळी आहे, आणि ती कोठपर्यंत जाते? या तीन प्रश्नांना कोणत्याही परीक्षेंत गुण मिळणार नाहींत कदाचित्. पण वर्तमानपत्र वाचतांना व पुढाऱ्यांचीं भाषणें ऐकतांना ते जन्मभर उपयोगीं पडतील.

पालकवर्गास एक विनंति आहे. १९४८ सालीं जें मूल दहा वर्षांचें होतें त्याचा जन्म १९३८ चा. त्या दिवसांच्या आठवणी सांगूं शकणारीं माणसें आतां फार थोडीं उरलीं आहेत, आणि दर वर्षीं आणखी थोडीं होत आहेत. आजी-आजोबा असोत कीं दादी-नानी असोत, त्यांच्याजवळ मुलांस बसवावें. त्या दिवसांत घर सोडून कोठें जावें लागलें, वाटेंत कोणीं भाकर दिली, कोणीं कोणाला घरांत लपविलें, परत आल्यावर काय उरलें होतें, हें मुलांनीं विचारावें. आणि जें कळेल तें सांगणाऱ्याचें नांव व दिवस घालून एका वहींत स्वच्छ अक्षरांत उतरून ठेवावें. सेनापतींचीं नांवें व शरणागतीच्या वेळा मोठ्या ग्रंथांत नमूद आहेत. त्या हरवणार नाहींत. परंतु नेकनूरच्या एखाद्या घरानें तेव्हां काय सोसलें व कोणाला सांभाळलें, हें त्या घराच्या बाहेर कोणाला ठाऊक असावयाचें? येत्या १७ सप्टेंबरास ध्वजवंदन आटोपून घरीं गेल्यावर ती वही उघडावी, आणि पहिल्या पानावर पहिला प्रश्न लिहावा.